ठाण्याला खाडीकडून भेट द्यावी : जुन्या बंदर-शहराच्या एका दिवसाच्या पायी फेरीसाठी मार्गदर्शन

नवी मुंबई, डोंबिवली किंवा मुलुंड येथे राहणाऱ्या बहुतेकांना ठाणे माहीत असते ते गाडी बदलण्याचे स्थानक म्हणून, गोखले रोडवरच्या खरेदीसाठी किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीसाठी. हे शहर हजार वर्षांहून अधिक काळ बंदर होते, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात वाचलेली असली तरी पायाला जाणवलेली नसते. त्याचे कारण साधे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला पोहोचली, तोवर बाहेरून येणारा माणूस पुष्कळदा पाण्याने येत असे. त्या दिवसापासून तो रुळांवरून येऊ लागला आणि शहराचे पुढचे दार हळूहळू मागचे दार झाले. आज आपण स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडतो आणि खाडीकडे पाठ करूनच चालू लागतो. जुने ठाणे पाहायचे असेल तर ही दिशा उलटी करावी लागते, म्हणजे आधी पाणी पाहावे, मग किल्ला, मग वस्ती आणि शेवटी तळे. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे. संपूर्ण फेरी चार-पाच किलोमीटरांची असून सावकाश पाहत गेल्यास सकाळ आणि संध्याकाळ मिळून एक दिवस पुरतो.

निघण्यापूर्वी एवढे माहीत असावे

ठाणे साष्टी बेटाच्या ईशान्य कोपऱ्यावर वसले आहे. पूर्वेला ठाण्याची खाडी, तिच्यापलीकडे कळवा. उत्तरेकडून उल्हास नदीचे आणि वसईच्या खाडीचे पाणी, दक्षिणेकडून मुंबई बंदराचे पाणी येथवर येते. उघड्या समुद्राच्या लाटा येथे पोहोचत नाहीत, आणि खाडीचे पात्र येथे इतके अरुंद होते की मुख्य भूमीवर उतरायला हीच सोयीची जागा ठरते. बंदर, किल्ला, रेल्वेचा पूल आणि आजचा कळवा पूल हे सर्व एकाच अर्ध्या-पाऊण कोसात का दाटले आहेत, हे एवढ्यावरून उमगते.

उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत हे नगर ‘श्रीस्थानक’ म्हणून येते. अकराव्या शतकातील विद्वान अल्-बिरूनीने कोकणची राजधानी म्हणून ‘ताना’चा उल्लेख केला आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने येथल्या चामड्याच्या, सुती कापडाच्या आणि धुपाच्या व्यापाराची, आयात होणाऱ्या घोड्यांची आणि त्याच घोड्यांसाठी होणाऱ्या चाचेगिरीची नोंद केली आहे. १५३४ च्या वसईच्या तहानंतर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. ही सनावळी पाठ करण्याची गरज नाही. १५३४, १७३७ आणि १७७४ ही तीन वर्षे लक्षात ठेवली तरी वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक वास्तूची जागा लावता येते.

एक गोष्ट मनाशी आधीच ठरवून निघावी. येथे तिकीट काढून पाहायचे असे काही नाही. किल्ल्यात तुरुंग आहे, सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थना चालते, अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, देवळात आणि चर्चमध्ये रोजचे भाविक असतात. जुने ठाणे वापरात आहे, म्हणूनच ते टिकले आहे, आणि म्हणूनच ते पाहताना वेळ, वार आणि परवानगी यांना महत्त्व येते.

वार आणि तिथी कशी निवडावी

शनिवार टाळावा. शनिवार हा यहुद्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, असल्याने सिनेगॉग पाहुण्यांना दाखवण्याचा तो दिवस नव्हे. मी स्वतः पहिल्या वेळी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन शनिवारीच जाऊन उभा राहिलो होतो. दारावरच्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने, शुद्ध मराठीत, परत पाठवले आणि ते योग्यच होते. सोमवारी, त्यातही श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला, कौपिनेश्वराच्या देवळात दर्शनाची मोठी रांग असते. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असते, मात्र कोर्टनाका, जिल्हाधिकारी कार्यालय आणि तुरुंगाच्या बाजूचे रस्ते त्याच दिवशी मोकळे मिळतात. मंगळवार ते गुरुवार या दिवसांत सर्व ठिकाणी विचारपूस करायला माणसे भेटतात, पण कचेऱ्यांची गर्दी सोसावी लागते. माझा कल रविवारकडे आहे : सिनेगॉगची परवानगी आधी मिळवून ठेवावी आणि चर्च संध्याकाळच्या वाटेवर ठेवावे.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मात्र ठाण्यात महिन्याइतकीच तिथी महत्त्वाची आहे, कारण ओहोटीला खाडी म्हणजे चिखलाचा विस्तीर्ण पट्टा असतो आणि नवख्या माणसाला बंदर कोठे होते हेच कळत नाही. कोकणात सर्वांना ठाऊक असलेला हिशेब येथे कामी येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. ठाणे खाडीच्या आतल्या टोकाशी असल्याने येथे पाणी किंचित उशिरा चढते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे फुगत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते खरे, पण तेव्हा पूर्ण भरती भर दुपारी बाराच्या सुमारास येते आणि सकाळी नेमकी ओहोटी असते. सकाळच्या फेरीसाठी म्हणून दशमी ते द्वादशी हे दिवस निवडावेत. नेमकी वेळ हवी असल्यास भरती-ओहोटीचे छापील कोष्टक किंवा फोनवरील अ‍ॅप पाहावे.

सोबत काय असावे

प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र, डोके झाकण्यासाठी रुमाल किंवा ओढणी, सहज काढता येतील अशी पादत्राणे, पाण्याची बाटली. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घातले तर देऊळ, चर्च आणि सिनेगॉग यांच्या दारांवर अडचण येत नाही. स्वतःची चारचाकी मात्र आणू नये. जुन्या ठाण्यात वाहन उभे करण्यास जागा शोधताना जो वेळ जातो तेवढ्यात अर्धी फेरी पूर्ण होते. वाशी, नेरूळ, पनवेलकडील मंडळींनी ट्रान्स-हार्बर मार्गाने थेट ठाण्याला उतरावे. ऐरोलीनंतर गाडी ज्या डोंगराच्या आणि खाडीच्या मधल्या पट्ट्यातून जाते तो पट्टाही पाहण्यासारखा आहे. ज्येष्ठांसाठी टप्प्याटप्प्याने रिक्षा करता येते, मात्र कोळीवाडा आणि बाजार या दोन भागांत चालावेच लागते.

पहिला टप्पा : चेंदणी कोळीवाडा आणि खाडी

सकाळी सातच्या सुमारास स्थानकावर उतरावे. चेंदणी कोळीवाडा स्थानकाला अगदी खेटून आहे. रुळ या गावठाणातूनच गेले, त्यामुळे कोळीवाड्याचा काही भाग पश्चिमेला आणि काही पूर्वेला राहिला. पूर्वेकडील रस्त्याचे ‘मिठबंदर रोड’ हे नाव पाहून थांबावे, कारण ते नाव म्हणजे या किनाऱ्याचा अर्धा इतिहास आहे. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरे होती, येथून मीठ गलबतांत भरले जाई, आणि आगरी समाजाचे नावच या आगरांशी जोडलेले आहे. अशी नावे पुढेही भेटत राहतात. खारकर आळीतील ‘खार’ म्हणजे खाऱ्या पाण्याखालून बांध घालून काढलेली जमीन. महागिरी हा ठाण्यातला जुना मोहल्ला, पण कोकणच्या किनाऱ्यावर ‘महागिरी’ हे मालवाहू गलबताच्या एका प्रकाराचेही नाव होते. मोहल्ल्याचे नाव त्यावरूनच पडले असे मी ठामपणे म्हणणार नाही, परंतु बंदराच्या गावात ही दोन नावे सारखी असावीत हे मला लक्षणीय वाटते.

कोळीवाड्यात हिंडताना हे कोणाचे तरी राहते अंगण आहे याचे भान ठेवावे. अरुंद गल्ल्यांत मोठ्याने बोलत गटाने जाऊ नये, जाळी विणणाऱ्याचे छायाचित्र न विचारता काढू नये. कोणी ओट्यावर बसलेले वडीलधारे भेटल्यास “काका, बंदराकडे वाट कुठून?” एवढे विचारले तरी पुष्कळदा वाटेबरोबर माहितीही मिळते. शिमग्याला आणि नारळी पौर्णिमेला हा कोळीवाडा पूर्ण रंगात असतो. ते पाहायचे असेल तर कोणा ओळखीच्या घरी पाहुणा म्हणून जावे.

येथून खाडीकडे जाऊन पाणी पाहावे. भरती असेल तर कांदळवनाच्या बुंध्यांपर्यंत पाणी चढलेले दिसते, आणि येथून गलबते कल्याण, वसई, मुंबई आणि पनवेल अशा चारही वाटांनी कशी जात असतील याची कल्पना करता येते. खाडीवरचा रेल्वेमार्ग पाहावा. ठाण्यापर्यंत गाडी आली ती १८५३ मध्ये, परंतु खाडी ओलांडून कल्याणपर्यंत मार्ग खुला होण्यास १ मे १८५४ उजाडला. वास येतो, कचरा दिसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. लहान मुलांना घेऊन गेल्यास काठाच्या चिखलात उतरू देऊ नये, तो वरून कोरडा दिसला तरी आत पाय रुततो.

दुसरा टप्पा : किल्ला, जो आता तुरुंग आहे

खाडीच्या कडेने कळवा पुलाच्या दिशेने गेल्यावर ठाण्याचा किल्ला लागतो, म्हणजेच मध्यवर्ती कारागृह. आत जाता येत नाही. बाहेरूनही छायाचित्रे काढू नयेत, पहारेकऱ्यांशी वाद घालू नये. कळवा पुलाच्या पदपथावरून खाडी, तुरुंगाची भिंत आणि ब्रिटिश काळातला जुना दगडी पूल यांचा परस्परसंबंध चांगला कळतो, म्हणून तेथे पंधरा मिनिटे उभे राहावे.

पोर्तुगीजांनी हा किल्ला १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, म्हणजे ठाण्यात येऊन जवळपास दोनशे वर्षे झाल्यावर, मराठ्यांचे दडपण वाढल्यावर. तो पुरा होण्यापूर्वीच, मार्च १७३७ मध्ये, मराठ्यांनी तो घेतला. १७७४ च्या डिसेंबरात पोर्तुगीज आरमार साष्टी परत घेण्यास येत आहे अशी वार्ता मुंबईकर इंग्रजांना लागली, आणि ते येण्याच्या आत आपणच घ्यावे या घाईने त्यांनी वर्षाच्या अखेरच्या दिवसांत हल्ला करून किल्ला काबीज केला. पुढे १७८७ च्या सुमारास किल्ल्यात खोदकाम चालू असता एक ताम्रपट सापडला. तो निघाला शिलाहार राजा अरिकेसरी याचा, शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा दानपत्राचा लेख. पोर्तुगीजांनी पाया घातलेल्या, मराठ्यांनी जिंकलेल्या किल्ल्यात इंग्रजांच्या मजुरांच्या कुदळीला शिलाहारांचे पत्र लागावे, यापेक्षा या गावाची ओळख थोडक्यात सांगणारी घटना मला ठाऊक नाही.

याच किल्ल्यात बाजीराव दुसऱ्याचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे कैदेत होता. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते आणि त्यांना मराठी येत नव्हते. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोतद्दार खिडकीखाली घोड्याला खरारा करताना गाणे म्हणे, आणि त्या गाण्यातून पळण्याचा बेत त्रिंबकजीला कळत असे, अशी हकिकत सांगितली जाते. १२ सप्टेंबर १८१६ रोजी तो निसटला. १८२५ मध्ये ठाण्यात आलेल्या बिशप हेबरने ही हकिकत ऐकून लिहून ठेवली. हेबरचे नाव लक्षात ठेवावे, ते पुढच्याच टप्प्यावर पुन्हा येणार आहे.

तुरुंग झाल्यानंतरच्या आठवणी वेगळ्या आहेत. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी येथे फाशी देण्यात आली. नाशिकच्या जॅक्सन वधाच्या खटल्यातील अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच ठिकाणी फाशी झाली.

तिसरा टप्पा : कोर्टनाका आणि न्याहारी

तुरुंगापासून कोर्टनाक्याकडे वळले की इंग्रजी ठाणे सुरू होते. न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, पोलीस, अशा जिल्ह्याच्या मुख्य गावात असायच्या त्या सर्व कचेऱ्या येथे एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. याच परिसरात सेंट जेम्स हे अँग्लिकन चर्च आहे. त्याचा प्रतिष्ठापन-विधी १८२५ मध्ये त्याच बिशप हेबरच्या हस्ते झाला. लष्करी आणि मुलकी साहेबांसाठी बांधलेले हे चर्च मोठे नाही, पण पोर्तुगीज परंपरेतले संध्याकाळचे चर्च पाहताना तुलनेसाठी ते डोळ्यांपुढे असावे. फाटक बंद असल्यास बाहेरून पाहून पुढे जावे. येथे अधिक वेळ घालवू नये.

एव्हाना साडेनऊ वाजलेले असतात. मामलेदार कचेरीजवळची मिसळ ठाण्याबाहेरही प्रसिद्ध आहे. कचेरीच्या नावावरून खाद्यपदार्थ ओळखला जावा, हे जिल्ह्याच्या गावालाच शोभते. तिखटाची सवय नसलेल्यांनी ‘कमी तिखट’ असे आधीच सांगावे, आणि तरीही ताक जवळ ठेवावे. रविवारी रांग असते. ती टाळायची असल्यास बाजारपेठेत वडापावाला तोटा नाही.

चौथा टप्पा : टेंभीनाका, सिनेगॉग आणि अग्यारी

या फेरीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अधिक तयारी मागणारा टप्पा हाच. टेंभीनाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्याला, १८७९ साली बांधलेले ‘शआर हाशामाईम’ म्हणजे ‘स्वर्गद्वार’ हे बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग आहे. आज भारतात उरलेल्या यहुदी समाजापैकी मोठा भाग ठाणे परिसरात राहतो, त्यामुळे ही वास्तू नांदती आहे.

बेने इस्रायली स्वतःचा इतिहास सांगतात तो असा : त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि वाचलेली मंडळी कुलाबा (आजच्या रायगड) भागातल्या गावोगावी वसली. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गावांवरून आडनावे पडली ती पेणकर, रोहेकर, केहीमकर, अष्टमकर, चेऊलकर अशी. घरची भाषा मराठी, सणांनाही मराठी नावे : नववर्षाचा तो ‘नव्याचा सण’, पुरीमचा ‘होळीचा सण’. नवस फेडताना किंवा मंगलकार्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या स्मरणार्थ ‘मलिदा’ करतात, तो भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा असतो. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबे इस्रायलला गेली, आणि त्यांच्यातील अनेकांच्या घरी तेथेही मराठी बोलली जाते.

भेटीची रीत अशी पाळावी. किमान आठवडाभर आधी सिनेगॉगच्या व्यवस्थापनाशी संपर्क साधून नावे, संख्या आणि हेतू कळवावा. २००८ नंतर मुंबई परिसरातील यहुदी प्रार्थनास्थळांची सुरक्षा कडक आहे, म्हणून ऐनवेळी आलेल्यांना आत सोडले नाही तर वाईट वाटून घेऊ नये. ओळखपत्र दाखवावे, मोठ्या पिशव्या आणू नयेत, पुरुषांनीही डोके झाकावे. आत गेल्यावर तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवलेल्या असतात ते ‘हेखाल’ पाहावे. प्रार्थना जेरुसलेमच्या दिशेला तोंड करून होते, आणि भारतात ती दिशा पश्चिम असते. मध्यभागी, जेथून वाचन होते तो चौथरा म्हणजे ‘तेबा’. चौकटीवर लावलेल्या लहान डबीला ‘मेझुझा’ म्हणतात आणि तिच्यात धर्मग्रंथातील वचनांचा चर्मपत्राचा तुकडा असतो. छायाचित्रासाठी परवानगी वेगळी विचारावी. “तुम्ही मूळचे कुठले?” हा प्रश्न आपण कोकणी माणसाला विचारतो तसा येथेही विचारता येतो आणि उत्तरात रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचे नाव येते, मात्र “तुम्ही अजून इकडेच कसे?” असे विचारू नये. हा प्रश्न त्यांनी फार वेळा ऐकलेला असतो.

अग्यारीही याच भागात आहे. ती बाहेरूनच पाहायची असते, दारावर घुटमळू नये. पोर्तुगीज काळात धर्मांतराच्या धाकाने ठाण्यातील पारशी कल्याणकडे निघून गेले, आणि इंग्रजी अंमल आल्यावर परतले, असे सांगितले जाते.

टेंभीनाक्याच्या नवरात्रोत्सवाची ख्याती अलीकडची, पण मोठी. त्या नऊ दिवसांत ही फेरी करण्याचा विचारही करू नये, किंवा केवळ उत्सव पाहण्यासाठीच यावे.

दुपार

अकरा-साडेअकरापासून चारपर्यंत उन्हात हिंडण्यात शहाणपण नाही. जेवण आटोपून एक-दोन तास मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या बाजूला काढता येतात. महाराष्ट्र सारस्वतकार विनायक लक्ष्मण भावे यांनी पुढाकार घेऊन १ जून १८९३ रोजी स्थापन केलेली ही संस्था केवळ मराठी ग्रंथांसाठी काढलेल्या पहिल्या संग्रहालयांपैकी आहे. कामकाजाच्या वेळा आधी पाहून जावे.

पाचवा टप्पा : जांभळीनाका, कौपिनेश्वर आणि मासुंदा

चारच्या सुमारास जांभळीनाक्याच्या बाजारातून चालायला लागावे. भाजी, फुले, मसाले, पूजेचे साहित्य, सुकी मासळी, असा हा बाजार म्हणजे बंदराचा उरलेला व्यवहारच आहे. गर्दीत पाकीट आणि फोन सांभाळावा.

बाजाराच्या टोकाला, मासुंदा तलावाच्या पूर्व काठावर, कौपिनेश्वराचे देऊळ आहे. पोर्तुगीज अमलानंतर, १७६० च्या सुमारास, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी ते उभारले आणि १८७९ मध्ये लोकवर्गणीतून त्याचा जीर्णोद्धार झाला. (सिनेगॉगचे वर्षही हेच आहे. एकाच वर्षी एका गावात एक समाज नवी वास्तू बांधत होता आणि दुसरा जुनी सावरत होता.) गाभाऱ्यातील शिवलिंग आकाराने असामान्य मोठे आहे. दर्शनाला जाताना पादत्राणे बाहेर ठेवावीत, गाभाऱ्यात फोन काढू नये, आणि दर्शन झाल्यावर लगेच न निघता आवारातील लहान देवळांमधून एक फेरी मारावी. गुढीपाडव्याची ठाण्याची स्वागतयात्रा याच देवळापाशी सुरू होते.

मासुंदा तलाव, ठाणेकरांचा ‘तलावपाळी’. शहरात आजही सुमारे ३५ तळी मोजली जातात, त्यांत सर्वाधिक जागती ही. खाडीचे पाणी खारे, म्हणून गोड्या पाण्यासाठी तळी हवीत, आणि तळ्याकाठी देऊळ, असा हा जुना हिशेब आहे. काठाने चालत पलीकडे गेले की सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च येते. फ्रान्सिस्कन संन्याशांच्या पोर्तुगीजकालीन वास्तव्याशी त्याचा संबंध आहे. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावे, नसेल तर परवानगी विचारून आत जावे. सकाळी पाहिलेल्या सेंट जेम्सची घडण आणि ही घडण यांतला फरक येथे मनात जुळवून पाहावा.

येथे बसूनच ठाण्यातल्या ख्रिस्ती धर्माचा आणखी जुना धागा आठवावा. पोर्तुगीज येण्याच्या दोन शतके आधी, १३२१ मध्ये, टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे फ्रान्सिस्कन पंथाचे चौघे ठाण्यात आले होते. काझीपुढे झालेल्या धर्मविषयक वादानंतर त्यांना ठार करण्यात आले. त्यांचा सोबती जॉर्डानस याने त्यांचे अवशेष सोपाऱ्याला पुरले आणि काही काळाने आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने ते पुढे नेले. ओडोरिकने लिहून ठेवले आहे की तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती. म्हणजे चौदाव्या शतकाच्या आरंभी या गावात हिंदू, मुसलमान आणि पूर्वेकडचे ख्रिस्ती शेजारी राहत होते. स्थानिक, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्त्यांना आज आपण ‘ईस्ट इंडियन’ म्हणतो, पण ते नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतले. त्यांच्या घरचा बाटलीत भरून वर्षभर पुरवायचा मसाला आणि सणाच्या फुगिया चाखायला मिळाल्या तर सोडू नयेत.

दिवेलागणीला तलावपाळीवर बसावे. नौकाविहार, भेळ, कणीस सगळे मिळते. समोर १९७८ मध्ये सुरू झालेले गडकरी रंगायतन आहे. रात्री चांगले नाटक असेल तर तिकीट सकाळीच काढून ठेवावे. दिवाळीच्या पहिल्या पहाटे मात्र तरुणाईची अशी झुंबड येथे उडते की तळे दिसत नाही.

आणखी अर्धा दिवस असल्यास

खाडी आतून पाहायची तर ऐरोलीला जावे. तेथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी पाहण्यासाठी नौका सुटतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला. जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला, नोंदणी आधी करावी लागते. घोडबंदरचा किल्ला वेगळ्या दिवसासाठी ठेवावा. तो खाडीच्या उत्तर वाटेवर आहे, तोही मराठ्यांनी १७३७ मध्येच पोर्तुगीजांकडून घेतला, आणि मार्को पोलोने नोंदवलेली घोड्यांची आयात वाचून गेल्यास त्याच्या नावाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

ऐरोलीच्या नौकेची वेळ घड्याळावर नसून भरतीवर ठरते, त्यामुळे नोंदणी करताना मिळणारी वेळ पहाटेची असो वा दुपारची, तीच घ्यावी आणि अर्धा तास आधी पोहोचावे. पाणी उतरू लागले की नौका थांबत नाही.